हॉटेल कशावर उभं राहतं?

मराठीत ‘हॉटेल’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर झोपायची खोली येत नाही. आपल्याकडे हॉटेल म्हणजे खायची जागा. चहाच्या टपरीपासून एसी फॅमिली रूमपर्यंत सगळं हॉटेलच. आणि ‘नोकरी सोडून हॉटेल काढतो’ हे वाक्य आमच्या आयटीतल्या प्रत्येक टीममध्ये अप्रेझलच्या आठवड्यात कुणी ना कुणी म्हणतंच. मग कॅन्टीनमध्ये अर्धा तास नावं सुचवली जातात, मेन्यू ठरतो, भिंतीचा रंगसुद्धा ठरतो. एखादा उत्साही लॅपटॉपवर एक्सेल उघडतो आणि भाडं, डिपॉझिट, भांडी, फ्रीज, आचाऱ्याचा पगार अशा ओळी भरायला लागतो.

मी हॉटेलवाला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण गेली काही वर्षं मुंबईतल्या जुन्या खाण्याच्या जागांबद्दल मिळेल ते वाचतोय. वाचताना एक गोष्ट परत परत समोर येते. टिकलेल्या प्रत्येक हॉटेलाखाली एक न दिसणारा टेकू होता. तो मेन्यूत नव्हता, भिंतीवर नव्हता, बहुतेक वेळा मालकाच्या हातातही नव्हता. तो हलला की चव तीच राहून हॉटेल बंद पडायचं. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात, म्हणजे सिस्टिममधला असा एक भाग की तो गेला की सगळंच गेलं. एक्सेलमध्ये त्याच्यासाठी ओळ नसते. हॉटेल काढण्याआधी काय ठरवायला हवं, याचं उत्तर म्हणूनच मला यूट्यूबवरच्या ‘टॉप टेन टिप्स’पेक्षा या इतिहासात जास्त सापडतं.

कोपऱ्यावरची जागा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द, केरमान भागातून झरतुष्ट्री लोक मुंबईत आले. गरिबी आणि धार्मिक जाच, दोन्ही मागे टाकून. पारशी इथे कित्येक शतकं आधी येऊन स्थिरावलेले होते. या नव्या मंडळींना शहर नुसतं ‘इराणी’ म्हणायला लागलं आणि त्यांच्या चहाच्या दुकानांनाही तेच नाव पडलं.

त्यांच्या जागा नकाशावर टाकून बघा. कयानी धोबीतलावला, १९०४. मेरवान ग्रँट रोड स्टेशनसमोर, १९१४. ब्रिटानिया बॅलार्ड इस्टेटमध्ये, १९२३. म्हणजे रेल्वे स्टेशन, कोर्ट-कचेऱ्यांचा भाग, बंदराजवळची ऑफिसं. माणूस घरातून निघून कामावर पोचेपर्यंत त्याच्या वाटेत जे येतं, तिथे इराणी. बऱ्याचदा इमारतीच्या कोपऱ्यावर. हिंदू व्यापाऱ्यांना कोपऱ्याचं दुकान अशुभ वाटायचं म्हणून ते इराण्यांना मिळालं, असं सांगितलं जातं. कारण काहीही असो, फायदा उघड आहे. दोन रस्त्यांची गर्दी, दोन बाजूंनी हवा आणि उजेड.

आत संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर आरसे. आरशांमुळे जागा मोठी दिसायची आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला मान न वळवता सगळी टेबलं दिसायची. पुष्कळ ठिकाणी पुढच्या बाजूला एक काउंटर असायचा आणि तिथे बिस्किटं, अंडी, साबण, काड्यापेट्या मिळायच्या. चहावर सुटणारे पैसे थोडे, म्हणून त्याच जागेत दुसरं दुकान. शिवाय काहींची स्वतःची बेकरी, म्हणजे पाव बाहेरून घ्यायला नको. भिंतीवर गिऱ्हाइकांसाठी सूचनांच्या पाट्या, आणि त्या इतक्या मजेशीर की निसीम इझिकेल यांनी त्यांच्यावर कविताच केली.

आता हिशेबातलं कोडं. एका चहावर तासभर पेपर वाचत बसणारा माणूस इराण्याला परवडायचा कसा? सुरुवातीला गर्दीच्या जोरावर, आणि पुढे मोठा वाटा भाड्याचा. १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि शहरातली जुनी भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली गेली. महागाई वाढत गेली, भाडं जवळजवळ तिथेच राहिलं. इराण्याकडच्या निवांतपणावर आपण खूप गहिवरून लिहितो. त्या निवांतपणाचं बिल बऱ्याच अंशी घरमालक भरत होता.

पण हा टेकू त्या जागेपुरताच होता. इमारत जुनी झाली, पडायला आली, बिल्डर आला, की नव्या जागेत जुनं भाडं मिळत नाही. जागा भाड्याची, म्हणून मोठी दुरुस्ती कुणी करायची यावर वाद. भागीदार अनेक, त्यांच्या पुढच्या पिढ्या त्याहून अनेक, आणि त्यातली निम्मी परदेशात. एकेक इराणी बंद होताना पेपरात हळहळीचे लेख आले. बन-मस्का मात्र शेवटच्या दिवसापर्यंत चांगलाच होता.

जागा बघायला जाल तेव्हा भाडं किती हे सगळेच विचारतात. हे भाडं इतकं का आहे, ते कोण ठरवतं आणि करार संपला की माझं काय, हेही विचारायला हवं.

गंगारामचा चहा

मुंबईबाहेर एक चक्कर मारू, कारण पुढची गोष्ट कोल्हापुरातच घडू शकत होती. छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे एक नोकर होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचे. सवर्णांसाठी राखून ठेवलेल्या पाण्याला ते शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांना हे कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. नाव ‘सत्यसुधारक’.

एक्सेलच्या नजरेनं बघितलं तर काहीच कमी नव्हतं. भर रस्त्यावर जागा, भांडवल मिळालेलं, माल चांगला, स्वच्छता चोख. फक्त गिऱ्हाईक येत नव्हतं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार?

मग महाराज स्वतः तिथे जायला लागले. फिरायला निघाले की गाडी गंगारामांच्या हॉटेलासमोर थांबायची आणि महाराज चहा मागवायचे. बरोबर असलेल्या मानकऱ्यांना, अधिकाऱ्यांनाही तोच चहा. राजा पितोय म्हटल्यावर नाही म्हणायची सोय कुणाला होती? १९१९ मध्ये महाराजांनी सार्वजनिक जागांवरच्या अस्पृश्यतेविरुद्ध हुकूम काढले. हुकूम कागदावर असतो. गंगारामांच्या हॉटेलात तो कपात ओतून समोर यायचा.

ही गोष्ट आपण समाजसुधारणेच्या धड्यात वाचतो. मला ती हॉटेलाच्या धंद्याचीही वाटते, कारण त्या काळात कोण शिजवतो आणि कोण बसतो यावरच हॉटेल चालायचं. दादरचे मामा काणे यांनी १९१० मध्ये सुरुवात केली ती ‘दक्षिणी ब्राह्मणाचे स्वच्छ उपहारगृह’ या नावानं. बंगळुरातल्या आज प्रसिद्ध असलेल्या एमटीआरचं १९२४ मधलं पहिलं नाव ‘ब्राह्मिन कॉफी क्लब’. पाटीवर पदार्थाच्या आधी जात होती, कारण गिऱ्हाईक दारात पाय ठेवण्याआधी तेवढंच बघत होतं. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळा कप, तोही बाहेर ठेवलेला, ही पद्धत तर त्यानंतरही कित्येक वर्षं चालू होती.

आपल्या संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात भेदभावाला मनाई करताना दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. घटना लिहिणाऱ्यांना चहाच्या टेबलाची दखल घ्यावीशी वाटली, इतकं ते टेबल महत्त्वाचं होतं.

आज पाटीवर जात नसते. पण दारातला गार्ड, मेन्यूची भाषा, पाण्याच्या बाटलीची किंमत, आपल्याच डिलिव्हरी बॉयला मागच्या जिन्यानं यायला सांगणारी सूचना, हे सगळं कुणी आत यायचं आणि कुणी नाही हे सांगतच असतं. ‘टार्गेट कस्टमर’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्याची दुसरी बाजू म्हणजे आपण कुणाला बाहेर ठेवतोय. तेही ठरवूनच करायला हवं, नाहीतर ते आपोआप ठरतं.

एका पिठाची करामत

आता परत मुंबईत, माटुंग्याला. १८९६च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढच्या काही दशकांत दादर-माटुंग्याची आखीव वस्ती उभी राहिली. तिथे दक्षिणेतून आलेले कारकून, टायपिस्ट, रेल्वेतले नोकरदार राहायला लागले. पुष्कळसे एकटे. त्यांना घरचं जेवण हवं होतं. रामाश्रय १९३९, कॅफे मद्रास १९४०, आणि १९४२ मध्ये ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, स्टेशनला लागून.

उडपी हॉटेलाचा मेन्यू आडवातिडवा लांब दिसतो. स्वयंपाकघरात डोकावलं तर कळतं की त्यातला बराचसा भाग एकाच पिठाचा आहे. तांदूळ आणि उडीद. आंबवलेलं पीठ वाफवलं की इडली, तव्यावर पातळ पसरलं की डोसा, जाड ओतलं की उत्तप्पा. नुसते उडीद वाटून तळले की वडा. सगळ्यांबरोबर सांबार तेच, चटणी तीच. आमच्याकडे एका कोडबेसवर पाच प्रॉडक्ट चालवणाऱ्या माणसाला आर्किटेक्ट म्हणतात.

याचे फायदे पैशांत मोजता येतात. कच्चा माल मोजका, म्हणून खरेदी सोपी आणि नासाडी कमी. सकाळी इडली कमी खपली तरी पीठ वाया जात नाही, दुपारी त्याचाच उत्तप्पा होतो. पदार्थ मिनिटांत टेबलावर येतो, म्हणून गिऱ्हाईक मिनिटांत उठतं आणि तेच टेबल दिवसात कितीतरी वेळा विकलं जातं. इराण्याच्या अगदी उलट गणित. म्हणूनच त्याला गोठलेल्या भाड्याची तितकी गरज नव्हती.

माल एकच असला की धोकाही एकच. १९४३ मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग आलं. युद्धकाळातल्या तांदळाच्या टंचाईतून आपण रवा इडली काढली, असं एमटीआर सांगतं. तांदूळ नाही तर रवा. हे सुचलेलं चविष्ट निघालं हे आपलं नशीब, पण मुळात तो पुरवठ्याचा प्रश्न होता.

उडप्याचा खरा टेकू मात्र पिठात नव्हता, माणसांत होता. दक्षिण कॅनरातल्या खेड्यांतून मुलं यायची. ओळखीच्या कुणाकडे तरी लागायची, कपबशा विसळायची, रात्री हॉटेलातच टेबलं बाजूला करून झोपायची. जेवण तिथेच, राहणं तिथेच, पगार किरकोळ. काही जण रात्रशाळेत शिकले, पुढे कुणी मॅनेजर झाले, कुणी स्वतःचं हॉटेल काढलं. रामा नायक स्वतःही लहान वयातच मुंबईत येऊन स्वयंपाकघरात राबले होते. म्हणजे ज्या शिडीनं मालक वर चढला, तिचीच खालची पायरी पुढच्या मुलांच्या वाट्याला.

१० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलं आणि ढाब्यांमध्ये १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला कायद्यानं बंदी आली. यायला फारच उशीर झालेली बंदी. त्याच सुमाराला गावाकडची मुलं शिकायला लागली होती, त्यांना दुसरीही कामं दिसत होती. आज कुठल्याही हॉटेलमालकाला विचारा, पहिली तक्रार ‘माणसं मिळत नाहीत’ हीच असते. माणसं आहेत. जेवण-राहण्यावर चौदा तास राबणारी मुलं आता मिळत नाहीत, आणि ते बरंच आहे. पण मग तुमच्या मसाला डोशाची किंमत कुणाच्या झोपेवर बेतलेली आहे, हा प्रश्न उघडण्याआधीच सोडवायला लागतो.

महिन्याची वही

चौथी गोष्ट माझ्या घरातली आहे. माझी आजी चिंचपोकळीला चाळीतल्या एका खोलीत खानावळ चालवायची. पाटी नव्हती, नाव नव्हतं. आजोबा गिरणीत साचे खात्यात होते आणि त्यांच्या ओळखीचे, गावाकडचे सोळा-सतरा जण आजीकडे जेवायचे.

गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष बायको-मुलांना गावी ठेवून इथे एका खोलीत दहा-दहा जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे आणि पाळीप्रमाणे जेवायचे. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे डबा घेऊन जाणार, रात्रपाळीचा सकाळी येऊन जेवणार. म्हणजे खानावळवालीची चूल तिन्ही पाळ्यांत. मुंबईत गिरण्यांचा धंदा १८५० च्या दशकात सुरू झाला. त्यातल्या कापडाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेलाय, भाकऱ्यांचा फार कमी.

आजीकडे मेन्यू ठरवायचा प्रश्न नव्हता, जाहिरातीचा नव्हता. गिऱ्हाईक पक्कं, त्याची भूक पक्की, पगाराची तारीखही पक्की. तिचं सगळं नियोजन एका वहीत होतं. कोण किती दिवस जेवला, कोण गावी गेला, कुणाचे किती येणं. पगार झाला की पैसे यायचे, मग ती वाण्याचे आणि कोळशावाल्याचे भागवायची. वाणी तिला महिनाभर उधार द्यायचा, ती कामगारांना महिनाभर उधार द्यायची. वर्किंग कॅपिटल हा शब्द तिनं ऐकला नव्हता, पण तिची सगळी खानावळ त्याच्यावरच उभी होती.

या बायकांकडे तारण काहीच नव्हतं, म्हणून अडल्यावर सावकार. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गोवामुक्तीच्या लढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या पुरवबाईंना एक गोष्ट दिसली होती. संपात कामगार टिकतो तो खानावळवालीच्या उधारीवर, आणि तिचं नाव कुणाच्या भाषणात येत नाही. आजीच्या चाळीतल्या दोघी त्या मंडळात होत्या. आजी गेली नाही, कारण बँकेच्या कागदावर अंगठा द्यायला आजोबांचा नकार होता.

१९७४चा गिरण्यांचा संप ४२ दिवस चालला. तेवढा तिनं ओढला. वाण्यानंही ओढला. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा तिला वाटलं हाही महिना-दीड महिन्याचा. पहिल्या महिन्यात वाणी काही बोलला नाही. दुसऱ्या महिन्यात अर्धा माल दिला. पावसाळा आला तशी माणसं शेतीला म्हणून गावी गेली आणि बरीचशी परत आलीच नाहीत. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. पुष्कळ गिरण्या पुन्हा कधी धड चालल्या नाहीत.

आजीची ती वही आमच्याकडे आहे. शेवटच्या पानांवर अकरा नावांपुढे येणं तसंच आहे. मी तिला एकदा विचारलं होतं, तू पैसे मागितले नाहीस का? ती म्हणाली, “कुणाकडं मागू? त्यांची पोरं बी उपाशीच होती.” वाण्याचे पैसे तिनं पुढे पाच वर्षं लोकांकडे पोळ्या लाटून फेडले.

गिऱ्हाईक पक्कं असणं ही हॉटेलवाल्यांची सगळ्यात मोठी इच्छा असते. आजीचं गिऱ्हाईक मुंबईतल्या कुठल्याही हॉटेलापेक्षा पक्कं होतं. पण ते सगळं एकाच भोंग्यावर कामाला जाणारं होतं.

तीच जमीन

पुढे त्या जमिनीचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांची जमीन विकायची वाट उघडली, २००१च्या बदलानं ती रुंद झाली. परळ-लालबाग पट्ट्यात मॉल, ऑफिसं आणि हॉटेलं आली. आमच्यासारखे लोक तिथे शुक्रवारी संध्याकाळी जातात.

२८ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ माणसं गेली. बहुतेक जण तरुण, माझ्याच वयाच्या आसपासचे. गच्चीवर पेट घेणारं छत होतं, बाहेर पडायची वाट धड नव्हती. माणसं आत कशी येतील याचं नियोजन सुंदर होतं. लायटिंग, म्युझिक, फोटो काढायला कोपरे. ती बाहेर कशी पडतील याचं नव्हतं. फायर एनओसीला आपण ‘लायसन्सची कटकट’ म्हणतो. ती कटकट म्हणजे एका रात्रीच्या जेवणाला आलेल्या माणसाला घरी पोचवायची जबाबदारी.

आजच्या हॉटेलांचे टेकू निराळे आहेत. डिलिव्हरी ॲप हा त्यातला मोठा. झोमॅटोची सुरुवात २००८ची, स्विगीची २०१४ची, आणि आज कित्येक किचनांना दारच नाही, फक्त ॲपवरचं नाव आहे. आजीला तिच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं गाव, पाळी आणि तिखट किती चालतं हे पाठ होतं. ॲपवरून मागवणाऱ्याचा फोन नंबरसुद्धा हॉटेलवाल्याचा नसतो. कमिशन किती कापायचं, यादीत वर कुणाला दाखवायचं, डिस्काउंट कुणाच्या खिशातून द्यायचं, हे दुसरा ठरवतो. डिस्काउंटच्या स्कीमांवरून २०१९ मध्ये देशभरातल्या शेकडो हॉटेलांनी अशा ॲप्समधून बाहेर पडायची मोहीम काढली होती, ती याच दुखण्यातून. आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा ज्यांच्याकडे दोन-तीन महिने भाडं आणि पगार भरायची शिल्लक नव्हती, त्यांची १९८२ परत झाली.

तेव्हा कॅन्टीनमधल्या त्या एक्सेलमध्ये पदार्थांच्या याद्यांआधी काही ओळी घाला. भाडं वाढलं तर? आचारी उद्या आला नाही तर? ज्या ऑफिसच्या गर्दीवर भरवसा आहे ते ऑफिस वर्क फ्रॉम होम झालं तर? ॲपनं उद्या नाव खाली ढकललं तर? धंदा शून्य झाला तरी किती दिवस तग धरता येईल, हा आकडा दिवसांत लिहा. आणि तो आकडा संपला तर सगळ्यात आधी कुणाचे पैसे बुडतील, तुमचे, भांडी घासणाऱ्या पोराचे की कोपऱ्यावरच्या वाण्याचे, तेही शेजारच्या रकान्यात लिहा.

मग जागेवर जाऊन एक आठवडा उभे राहा. सकाळी, दुपारी, रात्री. रस्त्यावरून कोण जातं ते मोजा. त्यातलं कोण तुमच्या दारात यायला कचरेल ते बघा. मागचं दार कुठे उघडतं, आणि खरोखर उघडतं का, ते हातानं उघडून बघा. मेन्यू शेवटी ठरवा. त्याला एक दुपार पुरते.